सोळा वर्षे, एक महिना आणि तेरा दिवस : बाल न्यायाच्या वयोमर्यादेचा एक प्रकरण अभ्यास

राजस्थानमध्ये ३० नोव्हेंबर १९९८ रोजी घडलेल्या खुनाच्या एका गुन्ह्यात इतर आरोपींबरोबर एका मुलालाही अटक झाली. भारतीय दंड संहितेची कलमे १४८, ३०२, ३२५ आणि ३२३ ही कलम १४९ सह त्याच्यावर लावण्यात आली होती. सशस्त्र दंगल, खून, गंभीर दुखापत, साधी दुखापत आणि हे सारे बेकायदेशीर जमावाचा घटक या नात्याने, असे त्या आरोपांचे स्वरूप होते. या मुलाला बालक मानायचे की प्रौढ, एवढ्या एका प्रश्नाचा अंतिम निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २००९ रोजी दिला. तोपर्यंत तो साडेसव्वीस वर्षांचा झाला होता. निकाल न्यायमूर्ती अल्तमश कबीर यांनी लिहिला आहे आणि तो कायद्याच्या अहवालांमध्ये प्रसिद्ध आहे. तरीही आरोपीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. ज्याला न्यायालयाने अखेर बालक ठरवले, त्याची ओळख उघड न करणे हेच आपल्या बाल न्याय कायद्याचे धोरण आहे आणि त्या कायद्याविषयी लिहिणाऱ्याने तरी ते पाळले पाहिजे.

हे प्रकरण अभ्यासासाठी निवडण्याचे कारण असे की, वयोमर्यादा सोळावरून अठरावर नेण्याच्या निर्णयाचे जवळजवळ सर्व परिणाम त्यात एकत्र सापडतात. मर्यादा वाढवणारा कायदा संसदेने मंजूर केला म्हणजे काम झाले, अशी आपली समजूत असते. मर्यादा वाढली त्या दिवशी जे आधीच तुरुंगात किंवा न्यायालयाच्या दारात उभे होते त्यांचे काय, वय सिद्ध कशाने करायचे आणि वाढवलेली मर्यादा पुढे कोणत्या वाटेने पुन्हा खाली येते, हे प्रश्न मात्र एखाद्या ठोस प्रकरणाच्या आधारेच नीट कळतात.

प्रकरणाची हकिकत

गुन्हा घडला तेव्हा बाल न्याय अधिनियम, १९८६ लागू होता. त्यापूर्वी प्रत्येक राज्याचा बालकांविषयीचा कायदा वेगळा असे. पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर ऑगस्ट १९८६ मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण देशासाठी एकच कायदा असावा, अशी सूचना केली. त्याच वर्षी संसदेने कायदा केला आणि २ ऑक्टोबर १९८७ पासून तो अमलात आला. त्या कायद्यात वयाची मर्यादा मुलग्यांसाठी सोळा आणि मुलींसाठी अठरा अशी ठेवलेली होती. १९६० च्या केंद्रीय बालक कायद्यातला भेद त्यात तसाच पुढे चालू राहिला. त्यामुळे त्याच दिवशी, त्याच जमावात या मुलाच्या वयाची एखादी मुलगी असती तर तिचा विचार बालक म्हणून झाला असता; मुलगा मात्र सोळाच्या एक दिवस जरी पुढे गेलेला असला तरी त्याच्यापुढे प्रौढांचे सत्र न्यायालय आणि कलम ३०२ खालील जन्मठेप किंवा फाशी, एवढेच उरत होते.

राजस्थानातील डिडवाना येथील अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी ३ एप्रिल २००० रोजी असा निष्कर्ष काढला की गुन्ह्याच्या दिवशी आरोपी सोळा वर्षांखालील होता, आणि त्याचे प्रकरण अजमेर येथील बाल न्याय यंत्रणेकडे पाठवण्याचा आदेश दिला. वैद्यकीय तपासणीत त्याचे वय सोळा ते सतरा वर्षांच्या दरम्यान असल्याचे दिसले होते. वडिलांच्या जबाबात जन्मतिथी विक्रम संवत २०३९ मधील कार्तिक शुद्ध प्रतिपदा अशी होती, आणि तिची इंग्रजी तारीख १७ ऑक्टोबर १९८२ अशी धरण्यात आली. उच्च न्यायालयाने ७ डिसेंबर २००१ रोजी सत्र न्यायाधीशांचा आदेश रद्द केला. गुन्ह्याच्या दिवशी आरोपीचे वय सोळा वर्षे, एक महिना आणि तेरा दिवस होते, म्हणून १९८६ चा कायदा त्याला लागू होत नाही, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते.

त्रेचाळीस-चव्वेचाळीस दिवसांचा हा फरक कायद्याच्या भाषेत पुरेसा होता आणि उच्च न्यायालयाने कायदा चुकीचा वाचला असेही म्हणता येणार नाही. प्रश्न रेषेच्या जागेचाच होता. कोणतीही वयोमर्यादा ठरवली तरी तिच्या अलीकडे-पलीकडे काही दिवसांच्या अंतरावर मुले उभी असणारच. म्हणून रेषेच्या काटेकोरपणाबद्दल तक्रार करण्यात अर्थ नसतो. रेषा कोठे आखली तर तिच्या पलीकडचा माणूस खरोखरच प्रौढ असण्याची शक्यता अधिक राहील, एवढेच आपल्याला विचारता येते. सोळाव्या वर्षी मुलाला चांगले-वाईट कळते, हे कोणीही नाकारत नाही. शांतपणे बसून विचार करण्याची क्षमता या वयात बऱ्यापैकी आलेली असते. पण रागाच्या भरात, बरोबरीच्यांच्या किंवा घरच्या मोठ्यांच्या दबावाखाली स्वतःला आवरण्याची क्षमता त्यानंतर कित्येक वर्षे वाढत राहते, हे किशोरवयाच्या अभ्यासातून पुढे आलेले आहे. या प्रकरणातील आरोप जमावाने केलेल्या हल्ल्याचे होते, ही गोष्ट येथे अतिशय महत्त्वाची आहे. कलम १४९ खाली प्रत्येकाच्या हातून काय घडले हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागत नसे. समान उद्दिष्ट असलेल्या जमावात तो होता एवढे सिद्ध झाले की जमावाच्या कृत्याची जबाबदारी त्याच्यावर येई. मोठी माणसे निघाल्यावर मागे राहण्याचा निर्णय घेणे ज्या वयात सर्वांत कठीण असते, त्याच वयाला हे कलम मोठ्यांच्या बरोबरीने उत्तरदायी धरत असे.

मर्यादा वाढली, पण कोणासाठी?

बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत भारत ११ डिसेंबर १९९२ रोजी सामील झाला. त्या संहितेच्या पहिल्याच अनुच्छेदात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानलेली आहे. देशाच्या कायद्यात ही मर्यादा यायला आणखी आठ वर्षे लागली. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २००० हा १ एप्रिल २००१ पासून अमलात आला आणि मुलगा असो वा मुलगी, अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याचा विचार बाल न्याय मंडळापुढेच होईल, असे ठरले. फाशी आणि जन्मठेप या दोन्ही शिक्षा बालकांसाठी बाद झाल्या.

उच्च न्यायालयाने आमच्या प्रकरणातील निर्णय दिला तेव्हा हा कायदा लागू होऊन आठ महिने झाले होते. तरीही त्याचा लाभ या मुलाला मिळाला नाही. प्रलंबित प्रकरणांचे काय करायचे हे कायद्याच्या कलम २० मध्ये सांगितले होते खरे, पण ते इतक्या अपुऱ्या शब्दांत की देशभरातील न्यायालये वेगवेगळे अर्थ काढत होती. त्यात आणखी एक गोंधळ होता. वय मोजायचे ते गुन्ह्याच्या दिवशीचे की न्यायालयापुढे प्रथम हजर केल्याच्या दिवशीचे? १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याचा दिवस धरला होता, तर २००० मध्ये दुसऱ्या एका खंडपीठाने हजर केल्याचा दिवस धरला. दुसरा अर्थ टिकला असता तर उशिरा पकडला गेलेला किंवा पोलिसांनी उशिरा हजर केलेला मुलगा केवळ त्या उशिरामुळे प्रौढ ठरला असता.

अखेर २ फेब्रुवारी २००५ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दोन्ही प्रश्नांचा निकाल लावला. गुन्ह्याच्या दिवशीचे वयच महत्त्वाचे, हे घटनापीठाने स्पष्ट केले, आणि त्याबद्दल कोणाचेही दुमत होण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या प्रश्नावर मात्र पीठाने वाट अरुंद ठेवली. नव्या कायद्याचा लाभ जुन्या प्रलंबित प्रकरणांना मिळेल, पण १ एप्रिल २००१ या दिवशी आरोपीने अठरा वर्षे पूर्ण केलेली नसतील तरच, असे त्याने ठरवले. आता आपल्या मुलाची जन्मतारीख पुन्हा पाहावी. तो १७ ऑक्टोबर २००० रोजी अठरा वर्षांचा झाला, म्हणजे नवा कायदा येण्याच्या साडेपाच महिने आधी. पहिल्या रेषेने त्याला दीड महिन्याच्या फरकाने बाहेर ठेवले होते. या दुसऱ्या रेषेनेही तेच केले असते. गुन्हा करताना तो किती लहान होता याच्याशी या दुसऱ्या रेषेचा काहीच संबंध नव्हता. कायदा कोणत्या तारखेला लागू झाला, या योगायोगावर ती उभी होती. माझ्या मते सोळाची मर्यादा निदान वयाचा काहीतरी विचार करत होती. ही तारखेची अट तेवढाही करत नव्हती, म्हणून ती अधिक अन्याय्य होती.

संसदेने हे लवकर ओळखले, याचे श्रेय तिला दिले पाहिजे. २००६ च्या दुरुस्तीने, जी २२ ऑगस्ट २००६ पासून लागू झाली, कायद्यात कलम ७-क आले. त्यानुसार गुन्ह्याच्या वेळी आपण बालक होतो हा दावा कोणत्याही न्यायालयापुढे, कोणत्याही टप्प्यावर, अगदी प्रकरणाचा अंतिम निकाल लागल्यानंतरही करता येतो. कलम २० ला जोडलेल्या स्पष्टीकरणाने खटला, पुनरीक्षण, अपील अशा सर्व प्रलंबित कार्यवाह्यांना अठराची मर्यादा लागू केली आणि कायदा येण्याआधीच आरोपी अठराचा झाला असला तरी बिघडत नाही, असे नमूद केले.

या दुरुस्तीचा पूर्ण अर्थ २००९ च्या निकालाने उलगडून दाखवला. १ एप्रिल २००१ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याच्या दिवशी जे अठरा वर्षांखालील होते ते सर्व बालकच मानले जातील, मग त्यांनी हा दावा उशिरा केलेला असो किंवा दोषी ठरून ते शिक्षा भोगत असोत, असे न्यायालयाने सांगितले. आरोपी सोळा वर्षे, एक महिना आणि तेरा दिवसांचा होता हे उच्च न्यायालयाचे गणित सर्वोच्च न्यायालयाने बदलले नाही. बदललेल्या कायद्यात ते गणितच त्याच्या बाजूचे ठरले. प्रकरण अजमेरच्या बाल न्याय मंडळाकडे शक्य तितक्या लवकर निकाली काढण्यासाठी पाठवण्यात आले, आणि विशेष गृहात म्हणजे सुधारगृहात ठेवण्याच्या कमाल मुदतीपेक्षा म्हणजे तीन वर्षांपेक्षा अधिक काळ तो आधीच कोठडीत राहिला असेल तर मंडळाने त्याला तत्काळ मुक्त करावे, असेही सांगण्यात आले.

येथे थोडे थांबून पीडितांच्या बाजूने पाहणे आवश्यक आहे. एक माणूस मारला गेला होता, आणि आरोपी कोणत्या न्यायासनापुढे उभा राहील हे ठरायलाच दहा वर्षांहून अधिक काळ गेला. ज्या मंडळाची रचना सोळा-सतरा वर्षांच्या मुलांशी बोलण्यासाठी आहे, त्याच्यापुढे सव्वीस वर्षांचा तरुण उभा राहणार होता. समुपदेशन, शाळा, परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याची देखरेख या उपायांचा उपयोग होण्याचे त्याचे वय केव्हाच उलटले होते. मृताच्या कुटुंबाला उत्तर मिळाले नाही आणि मुलाला सुधारणेची संधीही वेळेवर मिळाली नाही. वयोमर्यादा वाढवणाऱ्या कायद्यात जुन्या प्रकरणांविषयीची तरतूद पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत नसेल तर नुकसान दोन्ही बाजूंचे होते, हा या प्रकरणातून निघणारा सर्वांत व्यावहारिक निष्कर्ष मला वाटतो.

कागद आणि हाडे

वयाची रेषा काटेकोर असते, पण तिच्यापुढे ठेवला जाणारा पुरावा तसा असतोच असे नाही. या प्रकरणात पुरावा म्हणून एक वैद्यकीय अंदाज आणि एका बापाला आठवणारी तिथी होती. हाडांच्या वाढीवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंनी दोन-दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच मान्य केलेले आहे. सोळा ते सतरा असा अहवाल म्हणजे प्रत्यक्षात चौदा ते एकोणीस यांमधील काहीही असू शकते. तेवढ्यावरून दीड महिन्याचा फरक ठरवता येणार नाही.

२००७ च्या नियमांनी म्हणून पुराव्याची उतरंड घालून दिली. प्रथम मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसल्यास पहिल्या शाळेतील जन्मतारखेचा दाखला, तोही नसल्यास महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला. यांपैकी काहीच नसेल तरच वैद्यकीय मंडळाचे मत घ्यावे आणि आवश्यक वाटल्यास वय एक वर्षापर्यंत कमी धरून मुलाला लाभ द्यावा, असे ते नियम सांगत होते. शाळेच्या नोंदी निर्दोष असतात असे नाही. प्रवेशाच्या दिवशी गुरुजींनी अंदाजाने १ जून ही जन्मतारीख लिहिलेली असंख्य माणसे महाराष्ट्रातील प्रत्येक गावात आहेत. तरीही त्या नोंदी गुन्हा घडण्यापूर्वीच्या असतात, खटल्यासाठी तयार केलेल्या नसतात, आणि म्हणून त्यांना आधी स्थान देणे योग्यच आहे.

कोणत्याही टप्प्यावर दावा करण्याची मुभा ही आरोपींना दिलेली पळवाट आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला पुण्यातील एका प्रकरणाचे उत्तर आहे. १९९४ साली पुण्यात एकाच घरातील पाच स्त्रिया आणि दोन मुले यांची हत्या झाली. त्या प्रकरणात राजस्थानातील एका आरोपीला फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली अपील फेटाळले आणि नंतर पुनर्विलोकन अर्जही फेटाळला. बिकानेर जिल्ह्यातील त्याच्या शाळेच्या नोंदवहीत त्याची जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२ होती. २०१९ मध्ये पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांनी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून चौकशी केली आणि २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी तो केवळ बारा वर्षे सहा महिन्यांचा होता. तोपर्यंत तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. बारा वर्षांचा मुलगा १९८६ च्या कायद्यातही बालकच होता, म्हणजे त्याला फाशी सुनावणे हे तेव्हाच्या कायद्यानेही अशक्य असायला हवे होते. गुन्हा अत्यंत भीषण होता आणि त्या कुटुंबाचे दुःख कशानेही कमी होत नाही. पण अंतिम निकालानंतरही वयाचा प्रश्न उपस्थित करण्याची मुभा कायद्यात नसती, तर देशाने बालवयातील गुन्ह्यासाठी एका माणसाला फासावर चढवले असते.

२०१५ नंतर हाच मुलगा

२००९ मध्ये रेषा अठरावर स्थिर झाली असे वाटले होते. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत घडलेल्या सामूहिक बलात्कार आणि हत्येच्या प्रकरणातील एक आरोपी अठरा वर्षांखालील निघाला आणि मर्यादा पुन्हा सोळावर आणावी, ही मागणी देशभर उठली. त्या घटनेनंतर फौजदारी कायद्यातील सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये ती मागणी स्वीकारण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१३ रोजी अठराची मर्यादा घटनाबाह्य ठरवण्यास नकार दिला. तो निकालही न्यायमूर्ती कबीर यांचाच, तेव्हा ते सरन्यायाधीश होते. संसदेच्या स्थायी समितीनेही फेब्रुवारी २०१५ मध्ये सोळा ते अठरा वयोगटाला वेगळे काढण्यास विरोध केला. एवढे होऊनही त्या आरोपीच्या सुटकेपाठोपाठ, डिसेंबर २०१५ मध्ये राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला आणि १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू झाला.

या कायद्यात बालकाची व्याख्या अठरा वर्षांचीच आहे. मात्र ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे अशा निर्घृण गुन्ह्यात आरोपी सोळा वर्षे पूर्ण केलेला असेल, तर कलम १५ नुसार बाल न्याय मंडळ त्याचे प्राथमिक मूल्यांकन करते. तो गुन्हा करण्याची त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि गुन्ह्याची परिस्थिती यांचा विचार करून त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची गरज आहे, असे मंडळाला वाटले तर प्रकरण बाल न्यायालयाकडे, म्हणजे अशा खटल्यांसाठीच्या सत्र न्यायालयाकडे जाते. प्रौढ म्हणून दोषी ठरल्यास एकवीस वर्षांपर्यंत त्याला सुरक्षित स्थळी ठेवले जाते आणि त्यानंतर मूल्यांकन करून तुरुंगात पाठवता येते. फाशी आणि सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही. पण दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेतून इतर बालकांना जी मुक्ती मिळते, ती अशा मुलाला मिळत नाही.

राजस्थानातील मुलगा आज त्याच आरोपांखाली पकडला गेला असता तर काय झाले असते? खुनाची किमान शिक्षा जन्मठेप असल्याने त्याचा गुन्हा निर्घृण या वर्गात बसला असता. त्याचे वय सोळा वर्षे, एक महिना, तेरा दिवस असल्याने कलम १५ लागू झाले असते. म्हणजे २००१ पासून २००९ पर्यंत झगडून जी रेषा अठरावर नेली गेली, ती नेमक्या त्याच्याच बाबतीत पुन्हा सोळावर आली असती.

या मूल्यांकनातील मूळ अडचण मला अशी दिसते की, गुन्हा सिद्ध होण्यापूर्वीच तो गुन्हा करण्याची मुलाची क्षमता तपासायची असते. जमावाच्या प्रकरणात त्याच्या हातून नेमके काय घडले हेच ठाऊक नसते. मग कोणत्या कृत्याच्या संदर्भात त्याची क्षमता मोजायची? तपासणी होते ती घटनेनंतर काही आठवड्यांनी, शांत खोलीत, अनोळखी माणसांसमोर, आणि प्रश्न असतो तो गर्दीतील काही क्षणांचा. सर्वोच्च न्यायालयानेच १३ जुलै २०२२ रोजीच्या एका निकालात हे काम नाजूक असल्याचे आणि केवळ बुद्धिमत्ता किंवा सर्वसाधारण समज तपासून ते पूर्ण होत नसल्याचे सांगितले. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर मानसशास्त्रज्ञ किंवा तज्ज्ञांची मदत घेणे आवश्यक ठरवले आणि मार्गदर्शक सूचना तयार करण्याची गरज दाखवली. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २०२३ मध्ये अशा सूचना काढल्या. त्या उपयुक्त आहेत, पण ज्या प्रश्नाला विश्वासार्ह उत्तर देण्याचे साधनच उपलब्ध नाही तो प्रश्न त्या अधिक नीटपणे विचारतात, एवढेच.

गंभीर गुन्ह्यासाठी तीन वर्षे अपुरी वाटतात, ही लोकांची भावना मी क्षुल्लक मानत नाही. तिचे उत्तर बाल न्यायाच्या चौकटीतच शोधता येते. सर्वांत गंभीर गुन्ह्यांसाठी सुधारगृहातील कमाल मुदत वाढवता येईल, सुटकेनंतरची देखरेख अधिक काळ ठेवता येईल, आणि पीडितांच्या कुटुंबाला कार्यवाहीची माहिती मिळण्याचा व मंडळापुढे आपले म्हणणे मांडण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत देता येईल. यांपैकी कशासाठीही सोळा वर्षांच्या मुलाला प्रौढ ठरवावे लागत नाही. कलम १५ रद्द करावे, आणि ते करताना २००० साली राहून गेलेली गोष्ट या वेळी राहू नये : ज्यांचे मूल्यांकन झाले आहे, ज्यांचे खटले चालू आहेत आणि ज्यांना प्रौढ म्हणून शिक्षा झाली आहे, अशा सर्वांना त्याचा लाभ कसा मिळेल हे त्याच कायद्यात, पहिल्याच दिवशी लिहिलेले असावे.